झडप गळते, हृदय सोसतं

विहिरीवर मोटार बसवलेल्या माणसाला फुटव्हॉल्व्हचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तोंडाशी तो बसतो, पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. त्यात एखादा खडा अडकला की पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटार नुसती घुमते, पाणी ओढत नाही. मग वरून बादलीने पाणी ओता, हवा काढा, पुन्हा बटण दाबा. धाराशिव जिल्ह्यात हा खटाटोप न केलेला बागायतदार विरळाच. आपल्या हृदयातही असे एकाच दिशेने उघडणारे चार व्हॉल्व्ह आहेत. पण हा पंप रात्रभर बंद ठेवून, वर काढून, साफ करून पुन्हा सोडायची सोय नाही. तो चालता चालताच गळतो आणि गळत असतानाही चालतो. किती वर्षं चालतो, हे कळलं की माणूस थक्क होतो.

मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाख होतात. चाळिशीतल्या माणसाच्या हृदयातली प्रत्येक झडप तोवर जवळजवळ दीडशे कोटी वेळा उघडून मिटलेली असते. आणि तिच्या पाकळ्या बहुतेक ठिकाणी जाडीला एक मिलिमीटरही नसतात. डाव्या बाजूची मायट्रल झडप चित्रात का होईना, एकदा निरखून पाहावी. तिला दोन पाकळ्या. पाकळ्यांच्या कडांना बारीक, पांढऱ्या, चिवट दोऱ्या. त्या दोऱ्यांची खालची टोकं हृदयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या दोन उंचवट्यांना जोडलेली. डावा खालचा कप्पा आवळला जातो तेव्हा आतला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. वरच्या कप्प्यात तो जेमतेम दहाच्या आसपास असतो. एवढ्या दाबाने त्या नाजूक पाकळ्या उलट्या होऊन वर फेकल्या जायला हव्यात. तसं होत नाही, कारण त्याच वेळी ते दोन स्नायूही आवळतात आणि दोऱ्या हव्या तितक्याच ताणून धरतात. दर ठोक्याला, झोपेतसुद्धा.

महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेची तऱ्हा निराळी. तिला तीन पाकळ्या आहेत आणि दोऱ्या एकही नाही. मग ती मिटते कशी? हा प्रश्न लिओनार्दो दा विंची यांना १५१३ च्या सुमारास पडला होता. त्यांनी महाधमनीच्या मुळाचा काचेचा नमुना करण्याचा घाट घातला, वाहत्या पाण्यात गवताचं बी सोडून प्रवाह पाहिला आणि पाकळ्यांमागच्या फुगीर भागात पाण्याचे भोवरे फिरतात, असं रेखाटून ठेवलं. पाकळ्या मिटवण्यात या भोवऱ्यांचा हात आहे, असा त्यांचा कयास होता. रक्त शरीरात फिरतं हे विल्यम हार्वे यांनी जगाला सांगितलं ते १६२८ साली, म्हणजे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आणि ऑक्सफर्डमध्ये ब्रायन बेलहाउस यांनी प्रयोगशाळेत ते भोवरे मोजले, त्यांचं काम सिद्ध केलं, ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस. साडेचारशे वर्षं तो कागद उत्तराची वाट पाहत होता.

आता यातली एखादी झडप नीट मिटेनाशी झाली की काय होतं ते पाहू. पुढे जायचं रक्त दर ठोक्याला थोडं मागे फिरतं. गळती तीव्र असेल तर निम्मं किंवा त्याहूनही जास्त. शरीराला मात्र पूर्वीइतकंच रक्त हवं असतं. हृदय यावर उपाय काढतं. डावा कप्पा हळूहळू मोठा होतो, दर ठोक्याला जास्त रक्त घेतो, जास्त फेकतो. मागे जाणारं वजा जाता पुढे पोचणारं रक्त पुरेसं ठेवतो. वरचा कप्पाही सैलावतो आणि मागे आलेलं रक्त सामावून घेतो, म्हणजे फुप्फुसांवर दाब येत नाही. ही तडजोड पाच-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. तेवढ्या काळात माणूस ज्वारी काढतो, पाणी वाहतो, तुळजापूरला चालत जातो आणि त्याला कशाचीही जाणीव नसते. हीच गळती एका दिवसात झाली, समजा झडपेची एखादी मुख्य दोरी अचानक तुटली, तर सैलावायला वेळच मिळत नाही. तासाभरात फुप्फुसांत पाणी भरतं आणि जीवावर बेततं. म्हणजे गळती किती आहे एवढंच महत्त्वाचं नाही. ती किती वेगाने आली यावरही जगणं अवलंबून असतं.

पण या सोशिकपणाची किंमत असते, आणि ती उशिरा वसूल होते. मोठा झालेला कप्पा एका टप्प्यानंतर ताणला जातो, त्याच्या भिंतीतले स्नायू थकतात. तेव्हा कुठे माणूस म्हणतो, जिना चढताना धाप लागते, दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, संध्याकाळी पावलं सुजतात, छातीत धडधडतं. तक्रारींपर्यंत थांबलं तर कधीकधी स्नायूचं नुकसान इतकं झालेलं असतं, की झडप दुरुस्त होऊनही हृदय पूर्वपदावर येत नाही. माझ्या मते गळक्या झडपेच्या उपचारातला सगळ्यात अवघड भाग शस्त्रक्रिया हा नाही. सगळ्यात अवघड आहे ती वेळ ओळखणं.

ती वेळ ओळखण्याचं साधन एका बंदरातून आलं. स्वीडनमध्ये लुंड इथं इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आकसलेली मायट्रल झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. एडलर यांना आधी कळायला हवं होतं, की रुग्णाची झडप आकसली आहे की गळते आहे. गळत्या झडपेवर ती शस्त्रक्रिया केली तर जीवच जाणार. नुसत्या स्टेथोस्कोपवर इतका भरवसा कसा ठेवायचा? त्यांची गाठ हेलमुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी पडली. माल्मो बंदरातल्या जहाजबांधणी कारखान्यात पोलादातल्या चिरा शोधायला ध्वनिलहरी सोडणारं यंत्र होतं. हर्ट्झ यांनी ते आधी तिथंच जाऊन स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. मग तसंच यंत्र उसनं आणून दोघांनी ऑक्टोबर १९५३ मध्ये हालत्या हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले. आज धाराशिवच्या माणसाला सोलापूर किंवा लातूरला पाठवताना डॉक्टर चिठ्ठीवर ‘टू-डी एको’ लिहितात, त्याचं मूळ या गळती-आकसण्याच्या प्रश्नात आहे.

एकोच्या खोलीत अंधार असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, छातीवर गार जेल लावतात आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात. पडद्यावर करड्या रंगात कप्पे आवळताना-सैलावताना दिसतात. पाकळ्यांची उघडझाप दिसते. मग तंत्रज्ञ एक बटण दाबतो आणि रक्ताला रंग चढतो. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. झडप गळत असेल तर नेमक्या मिटण्याच्या क्षणी, जिथं काहीच दिसायला नको तिथं, हिरव्या-पिवळ्या-निळ्या ठिपक्यांचा एक झोत मागच्या कप्प्यात उसळतो. आपल्याच हृदयातलं चुकीच्या वाटेला लागलेलं रक्त माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या बघू शकतो. मला हे अजूनही अविश्वसनीय वाटतं.

इथं एक दिलासा देऊन ठेवतो. रिपोर्टवर ‘ट्रिव्हियल’ किंवा ‘माइल्ड’ गळती असं वाचून पुष्कळ घरांत रात्रभर झोप लागत नाही. पण अगदी किरकोळ गळती धडधाकट माणसांच्या हृदयातही सर्रास आढळते. तिला उपचार लागत नाही. सौम्य गळती असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वर्षांनी पुन्हा एको करायचा. तीव्र गळतीत मात्र दोन आकडे पाहायचे असतात: डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त फेकतो आणि आवळल्यावर त्याचा व्यास किती उरतो. मायट्रलच्या मूळच्या बिघाडात पहिला आकडा ६० टक्क्यांपर्यंत उतरला किंवा दुसरा ४० मिलिमीटरला पोचला, की काहीही त्रास नसला तरी तज्ज्ञ शस्त्रक्रियेचा विचार करा म्हणतात. एरवी साठ टक्के हा निरोगी आकडा. पण गळत्या झडपेत रक्ताला मागे जायची सोपी वाट मिळालेली असते, त्यामुळे थकलेलं हृदयही कागदावर जोमदार दिसतं. हा बारकावा ठाऊक नसेल तर ‘पंपिंग चांगलं आहे’ या एका वाक्यावर दोन-तीन वर्षं निघून जातात.

महाधमनीची झडप गळली तर शरीर स्वतःच खुणा करतं. रक्त जोराने जातं आणि लगेच मागे पडतं, म्हणून नाडी हाताला एकदम आदळते आणि एकदम विरते. डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ साली या नाडीचं वर्णन केलं. नखाचं टोक हलकेच दाबलं तर नखाखालचा रंग ठोक्यागणिक लाल-पांढरा होताना दिसतो. काही रुग्णांची तर मानच ठोक्याबरोबर डोलते; फ्रेंच कवी आल्फ्रेड द म्युसे यांची मान अशी डोलायची, म्हणून त्या खुणेला आजही त्यांचं नाव आहे. एको नव्हता तेव्हाचे वैद्य नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी किती पाहू शकत होते!

झडप गळण्याची कारणं अनेक. वयानुसार पाकळ्या सैल होतात, जन्मतः एखादी पाकळी कमी असते, जंतुसंसर्ग पाकळी पोखरतो, हृदयविकाराच्या झटक्यानंतर कप्पाच पसरतो आणि धडधाकट पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. पण आपल्या भागातल्या तरुण रुग्णांबद्दल बोलायचं तर एका कारणापाशी थांबावंच लागतं: ऱ्हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूने दुखतो. चार दिवसांत बरा होतो. पण त्या जिवाणूच्या अंगावरची काही प्रथिनं हृदयातल्या प्रथिनांसारखी असतात. शरीराने जिवाणूविरुद्ध उभं केलेलं सैन्य दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर चालून जातं. आधी गुडघा सुजतो, तो ओसरतो तोवर घोटा, मग कोपर. सांधे पूर्ण बरे होतात. झडप होत नाही. पाकळ्या सुजतात, गळू लागतात. दर नव्या घसादुखीबरोबर जखमेवर जखम होते आणि काही वर्षांनी त्या जाड, आखडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या होतात. पाश्चात्त्य पुस्तकांत हे चिकटणं मध्यमवयात येतं असं लिहिलेलं होतं. भारतात ते विशीच्या आतच दिसतं, हे दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली जगापुढे ठेवलं.

आता हे चित्र धाराशिवच्या नकाशावर ठेवून पाहा. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली जोडपी पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. तिथं कोपी: पाचटाची, एका खोलीची, जेमतेम वाकून आत जाता येईल एवढी. एकाच्या घशातला जिवाणू दुसऱ्याच्या घशात जायला दाटीवाटी लागते, आणि ती तिथं आहेच. या मुलांच्या घसादुखीकडे बघायला फडावर कोणाला सवड? सकाळी सहाला कोयता सुरू होतो.

आणि तरीही या सगळ्या साखळीत एक इतका साधा उपाय बसतो की तो कळल्यावर राग यावा. बेंझाथिन पेनिसिलीन. जुनं, स्वस्त, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेलं इंजेक्शन. स्ट्रेप्टोकोकसची घसादुखी वेळीच ओळखून पेनिसिलीन दिलं तर ऱ्हुमॅटिक ताप बहुतांशी टळतो. ताप एकदा येऊन गेला असेल तर दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घेत राहायचं, म्हणजे नवा हल्ला होत नाही आणि आहे ती गळती वाढायची थांबते. लहान वयात सुरू केलं तर सौम्य गळती काही मुलांत ऐकू येईनाशी होते. किती वर्षं घ्यायचं हे झडपेच्या स्थितीवर ठरतं: कोणाला विशीपर्यंत, कोणाला चाळिशीपर्यंत. इंजेक्शन घट्ट असतं, कुल्ला दोन दिवस ठणकतो, आधी टेस्ट डोस द्यावा लागतो. पण मुख्य अडचण दुखण्याची नसते. गावातल्या दवाखान्यात नाव घातलेलं मूल नोव्हेंबरात सांगली-कोल्हापूरच्या फडावर असतं आणि तिथल्या डॉक्टरला त्याची काहीच माहिती नसते. सहा महिन्यांत आठ-नऊ इंजेक्शनं चुकतात. एवढ्या खंडात एक घसादुखी पुरते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात, आणि त्यांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. शाळेच्या व्हरांड्यात स्टेथोस्कोप लावून ऐकलेला एक जास्तीचा आवाज पुढची वीस वर्षं बदलू शकतो. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. कोणाच्या पोराचा गुडघा सुजलाय आणि कोणाची सून पाण्याची घागर आणताना मध्येच थांबते, हे अशा बाईला मोठ्या दवाखान्यातल्या कोणाही आधी कळतं. ऱ्हुमॅटिक ताप ओळखायला हीच नजर लागते.

गळती वाढली, तीव्र झाली, तर पुढे काय? औषधांपासून सुरुवात करू. लघवीची गोळी फुप्फुसांतलं आणि पायांतलं पाणी उतरवते, रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयापुढचा अडसर कमी करतात, ठोके बेताल झाले तर ताल सांभाळणाऱ्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लागतात. त्रास खरोखर कमी होतो. पण ज्या गळतीचं मूळ पाकळीतच आहे, ती कुठल्याही गोळीने मिटत नाही. कप्पा पसरल्यामुळे झालेल्या गळतीत मात्र गोष्ट उलटी आहे: तिथं दुखणं कप्प्याचं असतं, आणि नव्या औषधांनी, कधी खास पेसमेकरने कप्पा आवरला की पाकळ्या पुन्हा एकमेकींना भिडतात. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘बिघाड झडपेत आहे की कप्प्यात?’ पुष्कळ घरांतून आणखी एक विचारणा होते, ‘फुगा घालून होईल का?’ फुगा आकसलेल्या, चिकटलेल्या झडपेसाठी आहे. तो चिकटलेल्या पाकळ्या सुट्या करतो. गळणाऱ्या झडपेत तो गळती वाढवील.

पाकळीत बिघाड असेल तर पहिली पसंती दुरुस्तीला. छातीचं हाड उघडतात, शरीराचं रक्त यंत्राकडे वळवतात, पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात. स्तब्ध हृदयाचा वरचा कप्पा उघडला की मायट्रल झडप समोर येते. पॅरिसचे आलाँ कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दुरुस्तीचं शास्त्रच घडवलं: लांबलेल्या पाकळीचा तुकडा कमी करायचा, तुटलेल्या दोरीच्या जागी कृत्रिम धागा बांधायचा आणि ताणलेल्या मुखाभोवती मापाची कडी शिवायची. मग जो क्षण येतो तो मला सगळ्या शस्त्रक्रियेत विलक्षण वाटतो. शल्यविशारद पिचकारीने खारं पाणी डाव्या कप्प्यात भरतात. पाकळ्या फुगून वर येतात, कडेला कड भिडते आणि सगळे श्वास रोखून पाहतात, थेंब परत येतोय का. आला नाही, तर हृदय शिवून पुन्हा सुरू करायचं. दुरुस्त झडप आपलीच असते. रक्त पातळ ठेवायची गोळी बहुधा काही महिन्यांतच सुटते. मात्र ऱ्हुमॅटिक तापाने जाड, आखडलेल्या पाकळ्यांची दुरुस्ती अवघड, आणि ती पुढे टिकेलच असं नाही.

मग झडप बदलायची. १९६० साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये आल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंते यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप बसवली. त्यांचा एक सुरुवातीचा रुग्ण त्या झडपेवर दहा वर्षं जगला आणि शेवटी घर रंगवताना शिडीवरून पडून गेला. परदेशी झडप मात्र भारतातल्या गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी आपली झडप करायला घेतली. दहा वर्षांत हृदय जितके ठोके मारतं, म्हणजे सुमारे ३८ कोटी, तितके झटके यंत्रावर सोसून दाखवणं हे पहिलं आव्हान होतं. आधीचे नमुने फसले. एकात तर नीलमण्याच्या स्फटिकाची तबकडी होती, तीही सोडावी लागली. शेवटी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि खास प्लास्टिकची, पॉलिइथिलीनची, तिरकी उघडणारी तबकडी असा मेळ जमला, मेंढ्यांवर चाचण्या झाल्या आणि ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. टीटीके-चित्रा नावाने ती तेव्हापासून एक लाखाहून अधिक हृदयांत गेली आहे. खोली शांत असली की धातूच्या झडपेची बारीक टिकटिक जवळच्या माणसालाही ऐकू येते.

धातूची झडप टिकते, पण तिच्यावर रक्त गोठू पाहतं, म्हणून गोठणं लांबवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. या औषधाची कहाणी गोठ्यातली आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेलं रक्त भरलेला डबा आणि तो चारा घेऊन हिमवादळातून विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचला. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं, त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं. आधी उंदीर मारायला, मग माणसं वाचवायला. आपल्याकडे त्याच जातीची असेनोकुमेरॉल ही गोळी जास्त चालते. दर महिन्याला रक्त तपासून, आयएनआर नावाचा आकडा पाहून तिचा डोस ठरतो. मेथी, पालक, शेपू, चाकवत यांत के जीवनसत्त्व असतं, जे गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाज्या बंद करायच्या नाहीत. आठवड्यागणिक साधारण सारख्या खायच्या. दात काढायला किंवा दुसरं कुठलंही औषध घ्यायला जाताना आधी झडपेचं सांगायचं.

प्राण्याच्या ऊतीची, म्हणजे गाईच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली झडप घेतली तर ही गोळी जन्मभर लागत नाही. पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुण शरीरात लवकर. म्हणून साठी-सत्तरीत ती सोयीची ठरते आणि पंचविशीत पेच पडतो. धातूची झडप घेतलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी बाळाला इजा करू शकते, आणि बंद केली तर झडपेत गुठळी होऊ शकते. लग्न झालेल्या, मूल हव्या असलेल्या मुलीची झडप बदलायची असेल, तर हा विषय शस्त्रक्रियेआधी, तिच्यासमोर, स्पष्ट बोलला गेलाच पाहिजे. सासरच्यांशी बोलून कागदावर सही घेणं पुरेसं नाही.

छाती न उघडता गळती कमी करण्याची वाटही आता आहे. मिलानच्या ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९१ साली दोन पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडून पाहिल्या. झडपेला दोन तोंडं झाली आणि गळती थांबली. त्याच युक्तीवर मायट्राक्लिप बेतली आहे. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाचा मधला पडदा ओलांडतात आणि धडधडत्या हृदयात, एकोच्या पडद्याकडे पाहत, दोन पाकळ्या चिमटीत धरतात. २००३ मध्ये हे माणसात पहिल्यांदा झालं. पण २०१८ साली याच क्लिपच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: अमेरिकेतल्या चाचणीत मृत्यू कमी झाले, फ्रान्समधल्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. रुग्णाची निवडच निकाल ठरवते, हे त्यातून कळलं. आज ही क्लिप महागडी आहे आणि मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी आहे. ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेल्या पाकळ्या तिच्या चिमटीत नीट येत नाहीत, त्यामुळे आपल्या तरुण रुग्णांना ती सहसा उपयोगी पडत नाही.

पैशाचं काय? राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात शेजारचं सोलापूर होतं, आपला जिल्हा नव्हता. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये आला. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यात बसते, आणि २०२३ साली सरकारने संरक्षण पाच लाखांपर्यंत व सगळ्या कुटुंबांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. शेत विकायला काढण्याआधी अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

आणि ऊसतोडीला निघणाऱ्या आई-बापांना, त्यांच्या मुकादमांना, शाळेतल्या गुरुजींना एक विनंती. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा एकेक सांधा सुजला, तर त्याला मुरगळणं समजू नका. दवाखान्यात न्या आणि छाती तपासायला सांगा. ज्याचं एकवीस दिवसांचं इंजेक्शन चालू आहे, त्याचं कार्ड कोपीवर जाताना भांड्याकुंड्यांबरोबर बांधून घ्या, फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच आठवड्यात दाखवा आणि पुढची तारीख तिथंच लिहून घ्या.